आयसीयूमधील औषधचुका: डॉक्टरांच्या आदेशापासून सिरिंज पंपापर्यंत

अतिदक्षता विभागातील (आयसीयूतील) रुग्णाला साध्या वॉर्डातील रुग्णापेक्षा कितीतरी अधिक औषधे मिळतात. त्यांतील बरीचशी थेट शिरेतून जातात आणि काहींचा परिणाम मिनिटाच्या आत दिसू लागतो. शिवाय व्हेंटिलेटरवरील रुग्ण ‘हे औषध माझे नाही’ असे सांगू शकत नाही, त्यामुळे वॉर्डात रुग्णाच्या किंवा नातेवाइकांच्या टोकण्यामुळे जी चूक ऐनवेळी थांबते, ती येथे थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये आपले तिसरे जागतिक रुग्णसुरक्षा आव्हान याच विषयावर जाहीर केले आणि औषधांमुळे होणारी गंभीर व टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. आपल्याकडे रुग्णालयांना गुणवत्तेसाठी मिळणाऱ्या एनएबीएच मानांकनातही औषध व्यवस्थापनाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र ही कागदपत्रे बहुधा तपासणी जवळ आली की कपाटातून बाहेर येतात.

हा लेख आठ-दहा खाटांच्या अशा आयसीयूसाठी लिहिला आहे, जिथे ट्रीटमेंट शीट, म्हणजे औषधांचे आदेश लिहिण्याचा तक्ता, अजून कागदी आहे, बारकोड नाही, विभागासाठी स्वतंत्र क्लिनिकल फार्मासिस्ट नाही आणि रात्री एका सिस्टरकडे दोन किंवा तीन रुग्ण असतात. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतील बहुतेक आयसीयू असेच आहेत. येथे दिलेली आकडेमोड समजावण्यासाठी आहे. प्रत्यक्ष वापरापूर्वी ती आपल्या रुग्णालयाच्या प्रोटोकॉलशी आणि हातातील अँप्यूलच्या लेबलशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

चुकांचे मूळ शोधू लागल्यास एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. डॉक्टर मायक्रोग्रॅममध्ये विचार करतात, अँप्यूलवर मिलिग्रॅम छापलेले असतात आणि सिरिंज ठरावीक वेगाने ढकलणाऱ्या पंपाला मिलिलिटर प्रति तास हवे असतात. मात्रा एका मापातून दुसऱ्या मापात जाते तिथे, आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाते तिथे, चूक शिरते. म्हणून पुढील बहुतेक उपायांचा हेतू एकच आहे: रात्री तीन वाजता खाटेशेजारी उभे राहून कोणालाही नवा गुणाकार करावा लागू नये.

पहिली पायरी: प्रत्येक इन्फ्युजनची एकच ठरलेली तीव्रता

इन्फ्युजन म्हणजे पंपाने शिरेतून सतत दिले जाणारे औषध, आणि तीव्रता म्हणजे एका मिलिलिटरमधील त्याचे प्रमाण. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधापासून सुरुवात करावी, कारण आयसीयूत ते रोज लागते. एक डॉक्टर ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम घालतात, दुसरे ८ घालतात, आणि ड्युटी बदलताना ‘नॉरअ‍ॅड पाचवर चालू आहे’ एवढेच सांगितले जाते. ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम असल्यास एका मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम येतात. ६० किलो वजनाच्या रुग्णाला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचे असतील, तर मिनिटाला ६, म्हणजे तासाला ३६० मायक्रोग्रॅम लागतील आणि पंप तासाला ४.५ मिलिलिटरवर ठेवावा लागेल. ८ मिलिग्रॅमच्या सिरिंजसाठी हाच वेग २.२५ होतो. दुपटीची सिरिंज जुन्याच वेगाने चालू राहिली, तर रक्तदाब एकाएकी चढतो आणि कारण शोधण्यात वेळ जातो.

विभागप्रमुख, इनचार्ज सिस्टर आणि औषधनिर्माता यांनी दिवसाउजेडी एकत्र बसून प्रत्येक इन्फ्युजनची एक तीव्रता ठरवावी. द्रव कमी द्यायचा असलेल्या रुग्णासाठी दुसरी, दुप्पट तीव्रता लागलीच तर तीही लिखित असावी आणि तिचे लेबल वेगळ्या रंगाचे असावे. त्यानंतर ४० ते १०० किलो वजनांसाठी पाच-पाच किलोंच्या अंतराने मात्रा आणि पंपाचा वेग यांचा तक्ता तयार करावा, दोघांनी स्वतंत्रपणे तपासावा, तारीख घालून लॅमिनेट करावा आणि प्रत्येक पंपाच्या स्टँडला बांधावा. रुग्णाचे वजन दाखल होताच एकदा नोंदवावे. ते अंदाजे असल्यास तसे लिहावे आणि सर्व तक्त्यांसाठी तेच वापरावे.

येथे एक बारकावा सुटता कामा नये. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या काही अँप्यूलवर क्षाराचे, म्हणजे बायटार्ट्रेटचे वजन छापलेले असते, तर काहींवर मूळ औषधाचे. २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे सुमारे १ मिलिग्रॅम मूळ नॉरअ‍ॅड्रिनॅलिन. खरेदी विभागाने कंपनी बदलली की हा फरक कोणालाही न सांगता विभागात येऊन बसतो. म्हणून कंपनी, तीव्रता किंवा वेष्टन बदलल्यास पहिला खोका विभागात पोहोचण्यापूर्वी औषधनिर्मात्याने इनचार्ज सिस्टरला लेखी कळवावे, हा नियम खरेदीच्या पातळीवरच करून घ्यावा.

इन्सुलिनबाबत आपल्याकडील धोका विशेष आहे, कारण एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली व्हायल आणि १०० युनिट असलेले इन्सुलिन ही दोन्ही बाजारात आहेत. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या इन्सुलिनसाठी असते आणि केशरी टोपणाची १०० च्या. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरल्यास रुग्णाला दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. ५० मिलिलिटरमध्ये ५० युनिटचे इन्फ्युजन करताना ४० च्या व्हायलमधून १.२५ मिलिलिटर घ्यावे लागतात आणि १०० च्या व्हायलमधून ०.५. आयसीयूत या दोहोंपैकी एकच प्रकार ठेवावा. दुसऱ्या प्रकारची सिरिंजही विभागात नसावी. रुग्णाने घरून आणलेली पेन नातेवाइकांकडे परत द्यावीत. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या ५ मिलिलिटरच्या व्हायलही ५,००० आणि २५,००० युनिट अशा दोन प्रकारांत येतात आणि आकाराने सारख्याच दिसतात. तेथेही उपाय तोच: एकच प्रकार निवडावा आणि दुसरा इंडेंटच्या (औषधांच्या मागणीच्या) यादीतून काढून टाकावा.

दुसरी पायरी: आदेश असा लिहावा की त्याचा एकच अर्थ निघेल

औषधे जेनेरिक नावाने, वाचता येईल अशा आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २०१६ च्या दुरुस्तीत म्हटले आहे. आयसीयूत याला आणखी काही नियमांची जोड लागते. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. नुसते इंग्रजी ‘यू’ अक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि चाराचे चाळीस होतात. पूर्णांकानंतर दशांश चिन्ह व शून्य लिहू नये, आणि एकापेक्षा लहान संख्येत दशांश चिन्हापूर्वी शून्य अवश्य लिहावे. मायक्रोग्रॅमचा संक्षेप टाळावा. इन्फ्युजनच्या आदेशात मिलिलिटर प्रति तास एवढेच न लिहिता मात्रा, ठरलेली तीव्रता आणि लक्ष्य, उदाहरणार्थ सरासरी रक्तदाब ६५, ही तिन्ही लिहावीत. लक्ष्य लिहिलेले असले की पंप कधी कमी करायचा हेही सिस्टरला कळते. ‘वरीलप्रमाणेच चालू’ हे शब्द ट्रीटमेंट शीटवर दिसताच इनचार्ज सिस्टरने ती शीट परत पाठवण्याचा अधिकार वापरावा.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा आदेश हा सर्वांत जास्त गोंधळाचा. परदेशी संदर्भांत त्याची मात्रा कधी मिलिग्रॅम बेसमध्ये (मूळ औषधाच्या वजनात) असते, तर आपल्या व्हायलवर आंतरराष्ट्रीय युनिट असतात; दहा लाख युनिट म्हणजे सुमारे ३३ मिलिग्रॅम बेस, पण कोलिस्टिमेथेट क्षाराच्या वजनात तेच सुमारे ८० मिलिग्रॅम. त्यात बोलताना कोणी ‘मिलियन’ म्हणतो आणि कोणी ‘लाख’. नव्वद लाखांचा, म्हणजे नऊ मिलियनचा पहिला डोस ‘नऊ लाख’ ऐकला गेला, तर गंभीर संसर्गाच्या रुग्णाला एक दशांश औषध मिळते. आदेशात युनिटची संख्या सर्व शून्यांसह लिहावी आणि पुढे व्हायलची संख्या लिहावी.

अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाचीही गोष्ट तशीच आहे, किंबहुना अधिक घातक. २०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) लाटेत महाराष्ट्रातील रुग्णालयांत त्याच्या लायपोसोमल (मेदाच्या सूक्ष्म कणांत बसवलेल्या) प्रकाराचा तुटवडा पडला आणि जुना साधा प्रकारही वापरावा लागला. लायपोसोमलची मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत सहज जाते; साध्याची किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि दिवसाला १.५ च्या वर जाऊ नये. ६० किलोच्या रुग्णाला लायपोसोमलचे ३०० मिलिग्रॅम योग्य ठरू शकतात, पण साध्याचे तेवढेच मिलिग्रॅम प्राणघातक आहेत. ‘अ‍ॅम्फो’ असा संक्षेप आयसीयूत पूर्णपणे बंद करावा. दोन्ही प्रकार फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळावेत, हेही आदेशातच लिहावे.

तोंडी आणि फोनवरील आदेश फक्त तातडीच्या प्रसंगी घ्यावेत. ऐकणाऱ्याने आधी लिहावे, मग लिहिलेले वाचून दाखवावे आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच औषध भरावे. फोनवर इंग्रजीतील फिफ्टीन आणि फिफ्टी, मराठीतील सात आणि साठ सारखेच ऐकू येतात. म्हणून अंक सुटे सांगावेत: ‘एक-पाच’, ‘सहा-शून्य’.

तिसरी पायरी: काही औषधे हाताशी नसणेच बरे

पोटॅशियम क्लोराइडची १० मिलिलिटरची अँप्यूल, १५ टक्क्यांची, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. ती थेट शिरेत गेल्यास हृदय थांबू शकते, आणि दिसायला ती निर्जंतुक पाण्याच्या अँप्यूलसारखीच असते. ती सलाइनच्या आणि पाण्याच्या कप्प्याजवळ कधीही ठेवू नये. कुलूपबंद, लाल लेबल लावलेल्या वेगळ्या डब्यात मोजून ठेवावी आणि काढताना वहीत नोंद करावी. तिचा वेग हातावरच्या शिरेतून सर्वसाधारणपणे तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नसावा. सेंट्रल लाइनमधून (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतील नळीतून), ईसीजी मॉनिटर चालू असताना, २० पर्यंत. लटकत्या सलाइनमध्ये पोटॅशियम टोचून तसेच सोडून देऊ नये: ते जड असल्यामुळे तळाशी बसते आणि पहिल्या काही मिनिटांत एकदम रुग्णाच्या शरीरात जाते. बाटली खाली उतरवून, अनेकदा उलटी-सुलटी करून मगच लावावी.

स्नायू लुळे करणाऱ्या औषधांबद्दल अमेरिकेतील एक प्रकरण प्रत्येक आयसीयूत सविस्तर वाचले जावे असे मला वाटते. डिसेंबर २०१७ मध्ये नॅशव्हिल येथील एका मोठ्या रुग्णालयात ७५ वर्षांच्या महिलेला स्कॅनपूर्वी अस्वस्थता कमी व्हावी म्हणून मिडॅझोलॅम द्यायचे होते. परिचारिकेने औषधांच्या संगणकीय कपाटात त्याच्या ‘व्हर्सेड’ या व्यापारी नावाची पहिली दोन अक्षरे टाइप केली. यंत्रात ते जेनेरिक नावाने होते. औषध सापडेना म्हणून ओव्हरराइड (यंत्राची तपासणी ओलांडून औषध काढण्याची सोय) वापरला गेला आणि त्याच अक्षरांनी सुरू होणारे, स्नायू लुळे करणारे व्हेक्युरोनियम हाती आले. मिडॅझोलॅम द्रवरूपात येते, व्हेक्युरोनियमची भुकटी पाण्यात विरघळवावी लागते. टोपणावर इशाराही छापलेला होता. स्कॅनच्या ठिकाणी मॉनिटर लावलेला नव्हता. रुग्णाचा मृत्यू झाला, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने परिचारिकेला दोषी ठरवून तीन वर्षांची परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखालील मुदत) दिली. खटला एका व्यक्तीवर चालला. आयसीयू चालवणाऱ्याने मात्र आधी हे विचारावे की व्हेंटिलेटरवर नसलेल्या रुग्णासाठी औषध काढताना व्हेक्युरोनियम हाती येऊच कसे शकले. आपल्याकडे संगणकीय कपाट नसले तरी फ्रिजमधला एकच ट्रे असतो, आणि त्यात अ‍ॅट्राक्युरियम, इन्सुलिन आणि इतर व्हायल एकत्र पडलेल्या असतात. स्नायू लुळे करणारी सर्व औषधे बंद झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवून त्यावर ‘श्वास थांबवणारे औषध: व्हेंटिलेटरची तयारी असल्याशिवाय देऊ नये’ असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावे.

१०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटल्या हा आणखी एक सापळा. पॅरासिटामॉल, मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल, ३ टक्के सलाइन आणि साधे सलाइन एकाच रॅकवर उभे केले, की घाईत फक्त बाटलीचा आकार ओळखला जातो. ३ टक्के सलाइन वेगळ्या खोलीत किंवा निदान वेगळ्या रॅकवर असावे. इमर्जन्सी ट्रॉलीत अ‍ॅड्रिनॅलिन आणि अ‍ॅट्रोपिन शेजारी नसावेत. ट्रॉलीवर एक कार्ड असावे, ज्यावर हृदय थांबल्यास शिरेतून १ मिलिग्रॅम आणि तीव्र अ‍ॅलर्जीत प्रौढाला मांडीच्या स्नायूत ०.५ मिलिग्रॅम हा फरक ठळक छापलेला असेल.

चौथी पायरी: भरणे आणि लेबल लावणे

एका वेळी एकाच रुग्णाचे एकच औषध भरावे, आणि सिरिंज हातातून खाली ठेवण्यापूर्वी तिला लेबल लावावे. लेबलवर रुग्णाचे नाव व खाट, औषध, एकूण मात्रा, एकूण मिलिलिटर, एका मिलिलिटरमधील मात्रा, वेळ आणि सही असावी. लेबल नसलेली सिरिंज, ‘त्यात फक्त सलाइन आहे’ असे कोणी कितीही खात्रीने सांगितले तरी, फेकून द्यावी. औषध भरणाऱ्या सिस्टरला मध्येच हाक मारू नये यासाठी काही ठिकाणी विशेष रंगाचा एप्रन देतात. लहान विभागात टेबलाभोवती जमिनीवर पट्टी आखून तिच्या आत बोलणे बंद ठेवणे जास्त टिकते, असे माझे मत आहे.

कशात काय मिसळायचे याचा छोटा तक्ता याच टेबलावर हवा. फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये मिसळल्यास स्फटिक बनतात, म्हणून फक्त नॉर्मल सलाइन, आणि वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या आत. अमिओडॅरोन ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. सेफ्ट्रायॅक्सोन आणि कॅल्शियम एका लाइनमध्ये नको. सोडियम बायकार्बोनेट कॅल्शियमसोबत किंवा नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या लाइनमध्ये नको. पँटोप्राझोल आणि मिडॅझोलॅमही एकत्र नको.

पाचवी पायरी: दुहेरी तपासणी, पण थोड्याच औषधांची

प्रत्येक औषधाला दोन सह्या मागितल्या, की दुसरी सही न पाहता होऊ लागते. म्हणून यादी आखूड ठेवावी: इन्सुलिन आणि हेपॅरिनची इन्फ्युजन, तीव्र पोटॅशियम, रक्तदाब वाढवणाऱ्या औषधांची नवी सिरिंज, स्नायू लुळे करणारी औषधे, मॉर्फिन-फेंटानिलची इन्फ्युजन, अ‍ॅम्फोटेरिसिन आणि लहान मुलांचा प्रत्येक डोस. तपासणारी दुसरी व्यक्ती आदेशापासून सुरुवात करून स्वतः हिशेब करते आणि मगच पहिलीचे उत्तर पाहते. ‘हे दोन मिलिलिटर आहे ना?’ असे विचारून मान डोलवून घेणे म्हणजे तपासणी नव्हे. मुलांच्या पॅरासिटामॉलमध्ये तर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची अदलाबदल थेट दहापट मात्रा देते, कारण बाटलीत एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतात.

सहावी पायरी: पंप आणि लाइन

सिरिंज पंप सिरिंजच्या व्यासावरून आकारमान मोजतो. पंपात निवडलेली कंपनी आणि लावलेली सिरिंज वेगळी असल्यास पडद्यावरचा वेग बरोबर दिसूनही औषध कमी-जास्त जाते. विभागात ५० मिलिलिटरची एकाच कंपनीची सिरिंज ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. सिरिंजचा दट्ट्या पकडीत नीट बसला नसेल आणि पंप रुग्णापेक्षा उंच असेल, तर औषध आपोआप खाली ओढले जाऊ शकते. पंप शक्यतो रुग्णाच्या हृदयाच्या पातळीवर ठेवावा. अडथळ्याचा अलार्म वाजल्यावर लाइनमधील पीळ थेट सोडू नये, कारण साठलेल्या दाबाने औषधाचा झटका जातो. आधी थ्री-वे (लाइनमधील तीन तोंडांची तोटी) रुग्णाच्या बाजूने बंद करून दाब बाहेर काढावा.

नॉरअ‍ॅड्रिनॅलिनला सेंट्रल लाइनचे स्वतंत्र तोंड द्यावे आणि त्यातून अँटिबायोटिक देऊ नये किंवा फ्लश करू नये. सिरिंज संपण्याच्या अर्धा तास आधी दुसरी भरलेली आणि दुसऱ्या पंपावर लावलेली असावी. लाइनच्या दोन्ही टोकांना औषधाचे नाव असावे. ड्युटी बदलताना दोन्ही सिस्टर्सनी खाटेशेजारी उभे राहून प्रत्येक नळी सिरिंजपासून रुग्णाच्या त्वचेपर्यंत बोटाने माग काढत पाहावी आणि लेबल, पंपाचा वेग व आदेश मिळवावेत. हे काम नर्सिंग स्टेशनवर बसून होत नाही.

राइल्स ट्यूबसाठी (नाकातून जठरात जाणाऱ्या नळीसाठी) वेगळ्या रंगाची, शिरेच्या लाइनला न बसणारी सिरिंज वापरावी. ती मिळत नसेल तर निदान ट्यूबची औषधे वेगळ्या ट्रेमध्ये आणावीत. हळूहळू विरघळणाऱ्या आणि आतड्यात विरघळणाऱ्या वेष्टनाच्या गोळ्या कुटून देऊ नयेत.

सातवी पायरी: रोजच्या राउंडमध्ये औषधांचा स्वतंत्र आढावा

राउंडच्या शेवटी पाच मिनिटे फक्त ट्रीटमेंट शीट वाचावी: कोणते औषध आज बंद करता येईल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) बदलल्यामुळे मेरोपेनेम, व्हँकोमायसिन, एनॉक्सापॅरिन यांची मात्रा बदलायला हवी का, डायलिसिसच्या दिवशी डोस आधी की नंतर. मूत्रपिंडाचे काम मंदावले म्हणून अँटिबायोटिकचा पहिला, भरणीचा डोस कमी करू नये. कमी होतात ते पुढचे.

दाखल होताना घरची औषधे नातेवाइकांच्या बोलण्यावरून लिहू नयेत, पिशवी मागवून पाहावी. रक्त पातळ ठेवणारे अ‍ॅसेनोकुमॅरॉल, आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट, डिगॉक्सिन आणि दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड ही चार नावे मुद्दाम विचारावीत. आयसीयूतून वॉर्डात पाठवताना उलट दिशेने तपासावे, कारण भ्रमासाठी रात्री सुरू केलेले क्वेटियापिन आणि जठराच्या संरक्षणासाठीचे पँटोप्राझोल कोणी बंद न केल्याने रुग्णासोबत घरापर्यंत जातात.

आठवी पायरी: चूक घडल्यावर

प्रथम रुग्ण सांभाळावा, त्यानंतर सिरिंज, अँप्यूल आणि ट्रीटमेंट शीट जशीच्या तशी बाजूला ठेवावी. पंप बंद करून दुसऱ्या रुग्णाला लावण्यापूर्वी त्यातील नोंद उतरवून घ्यावी. नातेवाइकांना वरिष्ठ डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगावे. त्या सिस्टरला किंवा डॉक्टरांना त्या ड्युटीतील उरलेल्या रुग्णांपासून मोकळे करावे, कारण हादरलेल्या माणसाकडून दुसरी चूक लवकर होते.

नोंदीसाठी एका पानाचा, नाव न मागणारा फॉर्म पुरेसा आहे. चुकांच्या वर्गवारीसाठी अमेरिकेतील एनसीसी मर्प या समन्वय परिषदेची ‘ए’ ते ‘आय’ ही श्रेणी वापरली जाते: ‘ए’ म्हणजे चूक होऊ शकेल अशी परिस्थिती, ‘बी’ म्हणजे रुग्णापर्यंत न पोहोचलेली चूक, ‘आय’ म्हणजे मृत्यू. महिन्याच्या बैठकीत ‘ए’ आणि ‘बी’ नोंदी किती आल्या ते आधी पाहावे. त्या शून्य असतील तर विभाग सुरक्षित आहे असे न मानता लोक लिहायला घाबरतात असे समजावे. औषधाच्या दुष्परिणामाचा संशय असल्यास गाझियाबाद येथून चालणाऱ्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते, आणि सारख्या दिसणाऱ्या वेष्टनाची तक्रार छायाचित्रासह कंपनीला व रुग्णालयाच्या औषध समितीला त्याच आठवड्यात पाठवावी.